पायांचे फोड दिसले, दावा दिसला नाही

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च निघाला. मुंबई-आग्रा महामार्ग धरून, कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत सुमारे १८० किलोमीटर चाललेली ही माणसे १२ मार्चला भल्या पहाटे आझाद मैदानात पोचली. सुरुवातीला या मोर्चाची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. मग छायाचित्रे झळकू लागली. सालटे निघालेले तळवे, झिजून तुटलेल्या चपला, तापलेल्या डांबरावरून चालणाऱ्या म्हाताऱ्या बाया. महाराष्ट्र हळहळला. मुंबईकरांनी रस्त्यावर उभे राहून पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या. त्याच दिवसांत या मोर्चामागे शहरी माओवादी आहेत असेही जाहीरपणे बोलले गेले. एका चित्रात हे लोक बिचारे होते, दुसऱ्यात फूस लावलेले. या माणसांनी घर सोडण्याआधी काहीएक विचार केला होता आणि तो सांगायला ती मुंबईला येत होती, याला दोन्ही चित्रांत जागा नव्हती.

आंदोलनांवर माहितीपट करू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींशी मला या विचाराबद्दलच बोलायचे आहे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मोर्चा निघाला की शंभर मोबाइल वर जातात. चित्रीकरणाचा तुटवडा राहिलेला नाही, तरीही मोर्चेकरी आपल्याला पूर्वीइतकाच अनोळखी आहे. कारण आपण त्याचा चेहरा टिपतो, घोषणा टिपतो, पण त्याचे म्हणणे अर्ध्यावर सोडतो. माणसाचे म्हणणे अर्ध्यावर तोडणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. पडद्यावर तोच उद्धटपणा रोज चालतो आणि कोणाला खटकत नाही.

नाशिकच्या मोर्चाचेच पाहा. ‘शेतकरी कर्जमाफीसाठी निघाले’ अशी बातमी बहुतेकांनी वाचली. कर्जमाफी ही मागण्यांपैकी एक होती हे खरेच. हमीभाव होता, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा प्रश्न होता, नद्यांचे पाणी गुजरातकडे वळवण्याला विरोध होता. पण त्या गर्दीत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतले आणि ठाणे-पालघरकडचे आदिवासी फार मोठ्या संख्येने होते. नागली, वरई आणि भात पिकवणारी ही माणसे. यातल्या अनेकांना कर्जमाफीचा उपयोगच नव्हता, कारण ज्या जमिनीवर ते पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरतात, तिचा सातबारा त्यांच्या नावावर नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही आणि कर्जच नाही तर माफ कसले करणार? ती जमीन कागदोपत्री वनखात्याची आहे. त्यांचे भांडण होते वनहक्काचे.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो आहे, त्याला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत त्या जमिनीचा हक्क मिळावा, असे तो कायदा म्हणतो. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे जातो, तिथून ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हा समितीकडे. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केले तर कारण लेखी कळवायचे, अपिलाला साठ दिवस द्यायचे, हेही नियमांत लिहिलेले आहे. मोर्चात चालणाऱ्यांची तक्रार अशी होती की दावे वर्षानुवर्षे पडून आहेत, नाकारले तर कारण कळत नाही आणि मंजूर झाले तर एकरांच्या जागी गुंठे हातात येतात. म्हणजे हे लोक दयेची याचना करायला आलेले नव्हते. सरकारने स्वतः केलेला कायदा सरकारने पाळावा, एवढेच सांगायला ते १८० किलोमीटर चालले. कायद्याची अंमलबजावणी मागणाऱ्या माणसाला ‘फूस लावलेला’ ठरवणे हा अन्याय आहे. त्याला ‘बिचारा’ ठरवणेही अन्यायच, फक्त तो करताना आपल्याला आपण चांगले वाटतो.

या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. दाव्यासाठी पुरावे कोणते चालतील याची जी यादी दिली आहे, तिच्यात सरकारी कागदांच्या बरोबरीने गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब येतो. घातलेले बांध, सपाट केलेली जमीन, बांधलेले घर यांचीही गणना पुराव्यात होते. वनखात्याने कित्येक वर्षांपूर्वी अतिक्रमणाबद्दल फाडलेली दंडाची पावतीसुद्धा आता कामी येते, कारण तेव्हा तो माणूस ती जमीन कसत होता याची नोंद खात्यानेच करून ठेवलेली असते. ज्या कागदाने एकेकाळी बापाला गुन्हेगार केले, तो कागद लेक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवते, कारण आज तोच तिच्या शेताचा आधार आहे. देशाच्या कायद्याने अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला पुराव्याची किंमत दिली. मग त्याच म्हाताऱ्याला आपला कॅमेरा दहा सेकंदांत का उरकतो? त्याला बांधावर उभे करा. हा बांध कोणी घातला, कोणत्या दुष्काळात घातला, वनरक्षक पहिल्यांदा कधी आला, बैल कधी ओढून नेले, हे त्याला सांगू द्या. तो अडखळेल, विषय सोडून दुसरीकडे जाईल, मधेच सुनेला हाक मारून विचारेल. कापू नका. मोर्चा कशासाठी होता हे समजायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि ती आझाद मैदानापासून फार लांब, सुरगाण्याच्या डोंगरउतारावर आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की आंदोलनाचा माहितीपट मोर्चाच्या आधी सुरू झाला पाहिजे. ड्रोनमधून दिसणारा लाल टोप्यांचा प्रवाह डोळ्यांना सुखावतो, ‘लाल वादळ’ असा मथळाही त्यावर शोभून दिसतो, पण त्या उंचीवरून एकही माणूस ओळखता येत नाही. घरून निघताना शेळ्या कोणाकडे सोपवल्या, सहा दिवसांचे तांदूळ आणि सरपण कोणी जमवले, गावातून कोण आले आणि कोणाला घरी थांबवले, हे आधी ठरलेले असते. त्यासाठी पाड्यावर बैठक झालेली असते. तिथे भांडणेही झालेली असतात. काहींनी ‘चालून काय होणार’ असे विचारलेले असते. ती बैठक ज्याने पाहिली, तो या लोकांना कोणीतरी हाकलत आणले असे म्हणू शकणार नाही.

११ मार्चच्या रात्री मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी निघालो तर वाहतूक अडेल, मुलांना केंद्रावर पोचायला उशीर होईल, म्हणून दमलेली माणसे रात्रीतच उठली आणि पुढे चालू लागली. ही गोष्ट आठवली की आजही ऊर भरून येतो. मुंबईने त्यांचे मनापासून कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण त्या कौतुकातून आणखी एक साचा तयार झाला, तो मला धोक्याचा वाटतो. आम्हाला त्रास न देणारा तो चांगला मोर्चेकरी, असा तो साचा. एकदा हे मान्य केले की जो रस्ता अडवतो, ज्याच्यामुळे आपल्याला ऑफिसला उशीर होतो, त्याचे ऐकण्याची गरजच उरत नाही. मागणी खरी की खोटी हे आपण आपल्या सोयीवरून ठरवू लागतो. नाशिकच्या आदिवासींनी मुलांचा विचार केला हा त्यांचा मोठेपणा होता. पण वनहक्काचा त्यांचा दावा या मोठेपणामुळे खरा ठरला नाही. तो आधीही खराच होता, आणि ते सकाळी सहा वाजता निघून सारी मुंबई अडवून बसले असते तरीही खराच राहिला असता.

रस्त्यावर उतरलेल्या माणसाविषयी आधीच मत करून ठेवले की काय होते, हे मुंबईने ११ जुलै १९९७ रोजी पाहिले आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. संतापलेले लोक शेजारच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे सांगितले गेले. टँकरची ही गोष्ट घरोघर पोचली, कारण ती पटायला सोपी होती. रस्त्यावर आलेला दलित जमाव म्हणजे जाळपोळ, हे समीकरण ऐकणाऱ्यांच्या मनात आधीपासून तयार होते. नंतर न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. पण आयोगाचा अहवाल किती घरांत वाचला गेला? टँकर मात्र सगळ्यांना आठवतो.

या घटनेनंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले. आनंद पटवर्धनांनी त्यांना आधी आपल्या ‘हमारा शहर’मध्ये चित्रित केले होते. त्या मृत्यूपासून पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू झाला आणि तो पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. २०११ साली आलेल्या या चित्रपटात गोळीबार आहे, खटला आहे, पण त्याहून जास्त जागा गाण्यांना, वस्त्यांतल्या घरांना, कचरा उचलणाऱ्या कामगारांना, जलशांना आणि लोकांच्या आपसातल्या वादांना दिली आहे. कोण कुठल्या पक्षात गेला, कोणी कोणाला सोडले, डावे आणि आंबेडकरी यांचे कुठे जुळले आणि कुठे फाटले, हे लपवलेले नाही. म्हणूनच तो पाहून उठताना वस्तीतला माणूस आपल्याला पीडित म्हणून आठवत नाही. गाणारा, वाद घालणारा, चुकणारा, स्वतःच्या पुढाऱ्यावर रागावणारा माणूस म्हणून आठवतो. चौदा वर्षे प्रत्येकाला देता येणार नाहीत, हे मी जाणतो. पण चौदा दिवस तरी द्या. आंदोलनाच्या गावी रात्र न काढता माहितीपट करायला निघू नका.

‘हमारा शहर’ १९८५चा, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरचा. त्यात झोपडी गेलेली एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच फैलावर घेते. तुम्ही आमचे फोटो काढून नाव कमवाल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकाने तो चित्रपटात ठेवला. माहितीपट शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हे दृश्य पहिल्या दिवशी दाखवावे, असे मला वाटते. तिच्या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर नाही. निदान काही कर्तव्ये मात्र त्यातून निघतात आणि ती पाळता येण्याजोगी आहेत.

ज्याचे चित्रण करतो त्याला आधी सांगावे की हे कोण पाहणार आहे. मोर्चात तोंड दिसले म्हणून उद्या कोणावर गुन्हा दाखल होऊ शकतो, मजुराचे काम जाऊ शकते, मुलीला घरी मार बसू शकतो. आपण शहरात परततो, ती माणसे तिथेच राहतात. ‘सगळ्यांसमोर बोलले म्हणजे परवानगी आहे’ हा युक्तिवाद आपल्या सोयीचा आहे. काल हो म्हटलेला माणूस आज नको म्हणाला तर ते दृश्य काढले पाहिजे, मग ते चित्रपटातले सर्वांत सुंदर दृश्य का असेना. संकलन पूर्ण झाले की चित्रपट महोत्सवाला धाडण्याआधी त्या गावात दाखवावा. लोक चुका काढतील. ‘हा आमचा रस्ताच नाही,’ म्हणतील. ‘माझे अर्धेच बोलणे घेतले,’ म्हणतील. पुण्यामुंबईच्या परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा त्या तक्रारींना जास्त वजन द्यावे.

बायकांविषयी वेगळे सांगायला हवे. नाशिकच्या मोर्चात बाया हजारोंनी होत्या आणि पायांची जी छायाचित्रे गाजली, त्यांत त्याच होत्या. पण ध्वनिक्षेपकासमोर बोलणारे बहुतेक पुरुष होते. बाईचा तळवा दाखवायचा आणि तिच्या मागणीचा खुलासा पुरुषाकडून करून घ्यायचा, ही सवय कॅमेऱ्याने आंदोलनाकडून उचलली आणि आंदोलनाने घराकडून. वनहक्काचा पट्टा पती आणि पत्नी दोघांच्या नावे द्यायचा, असे कायदा सांगतो. म्हणजे ती बाई स्वतःच्या मालकीसाठी चालत होती. तिला हे विचारायला कोणी मायक्रोफोन पुढे केला? आणि आंदोलनाच्या आत तिला कोण बोलू देत नाही, हेही चित्रपटात आले पाहिजे. आंदोलनाची बाजू घेणारे दिग्दर्शक इथे कचरतात. आपल्यातले दोष दाखवले तर विरोधकांचे फावेल, ही भीती मी समजू शकतो. तरीही कचरू नये. दोष झाकून केलेला चित्रपट लोकांना देव करून मखरात बसवतो, आणि मखरातल्या देवाशी कोणी बोलत नाही.

आपली हकीकत आपणच सांगावी, हा विचार आपल्याकडे परका नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांसोबत दलितांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर गावात अफवा उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या अफवेवर माणसे लाठ्या घेऊन धावली आणि मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींना मारले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. त्याआधी १९२० साली ‘मूकनायक’ काढतानाही त्यांना हेच दिसले होते की चालू वर्तमानपत्रांत आपल्या माणसांची बाजू मांडायला जागा नाही. आंदोलन करायचे आणि त्याची हकीकत सांगण्याचे काम दुसऱ्यावर सोडायचे, हे त्यांना मान्य नव्हते. डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या सीमेवर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांना दूरचित्रवाणीवर खलिस्तानी म्हटले जात होते, तेव्हा तिथल्या तरुणांनी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे पत्र पंजाबी आणि हिंदीत काढून ट्रॉल्यांमधून वाटले. महाडपासून दिल्लीच्या सीमेपर्यंत अंतर मोठे आहे, गरज एकच. माहितीपट करणाऱ्याने आपल्याला या परंपरेतला समजावे. पाड्यावरच्या दोन मुलांना कॅमेरा आणि संकलन शिकवून यावे. पुढचा चित्रपट तीच करतील, आणि तिथे आपली गरज उरली नाही तर फार बरे.

वाहिन्यांमध्ये काम करणाऱ्या वार्ताहरांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांतले कितीतरी जण संवेदनशील आहेत, चार-चार तास उन्हात उभे असतात. त्यांना मिळते दीड मिनिट. दीड मिनिटात पाय दाखवता येतो किंवा दगड दाखवता येतो, दाव्याची चार पायऱ्यांची वाट दाखवता येत नाही. म्हणूनच लांब माहितीपटाची गरज आहे. आणि तो पाहायला दोन तास बसणारा प्रेक्षक हवा. तो प्रेक्षक तयार करण्याचे काम आपल्या वाचनालयांचे, व्याख्यानमालांचे, महाविद्यालयांचे आहे. वसंत व्याख्यानमालेला शंभराहून अधिक वर्षे गर्दी करणाऱ्या महाराष्ट्राला दोन तास बसणे अवघड नाही.

१२ मार्च २०१८ रोजी सरकारने लेखी आश्वासन दिले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असे त्यात होते. मोर्चेकऱ्यांना परत न्यायला खास गाड्या सोडल्या. कॅमेरेही परतले. फेब्रुवारी २०१९मध्ये तीच माणसे नाशिकहून पुन्हा निघाली आणि नव्या लेखी आश्वासनावर थांबली. मार्च २०२३मध्ये ती दिंडोरीहून पुन्हा निघाली आणि वासिंदपर्यंत आली. त्या मुक्कामी मोर्चातल्या एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. तेव्हा कांद्याच्या भावाबरोबर वनजमिनीची मागणी पुन्हा यादीत होती. पहिल्या मोर्चावर चित्रपट करून जो आझाद मैदानावरच्या जल्लोषात संपवेल, त्याने अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी उपविभागीय कार्यालयाच्या व्हरांड्यात आहे, आवक-जावक नोंदवहीत आहे, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या उत्तरात आहे. तिथे वादळ नाही, घोषणा नाही, ड्रोनला उडायला जागा नाही. पण माणसे पुन्हा पुन्हा रस्त्यावर का येतात, ते तिथेच कळते.

आणि असा चित्रपट तयार झाला तर तो आधीच पटलेल्यांच्या मेळाव्यात दाखवून थांबू नये. सरकारी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण पुण्याच्या यशदामध्ये होते. दाव्यांवर सही करणारे प्रांत आणि वनाधिकारी यांच्या पुढे तो लावावा. दाव्याची फाईल ज्याच्या टेबलावर आहे, त्याने तो म्हातारा, तो बांध आणि ती दंडाची पावती पाहावी, मग बत्ती लावून त्याच खोलीत चर्चा व्हावी, आणि त्या चर्चेला सुरगाण्याहून दोन दावेदारांना जाण्यायेण्याचे भाडे देऊन बोलवावे.